कोंडा कुणाच्या वाट्याला

माझ्या रक्तात साखर इतकी चढली होती, की मी ओट्यावर टेकलो तरी मुंग्या पाहुण्यांसारख्या सहकुटुंब येऊन बसत. आमच्या कुंडल गावाभोवती ऊस उदंड आहे म्हणून बरं, नाहीतर ऊसतोडीच्या टोळीवाल्यांनी मलाच मोळीत बांधून कारखान्याला धाडलं असतं. हे मी मिरजेच्या डॉक्टरांनाही ऐकवलं. ते हसले नाहीत. रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, "पुढच्या तपासणीत हे खाली आलं नाही, तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल."

बिथरलेली म्हैस अंगावर आली तर मी शिंगं धरीन. पण सुई दिसली की माझा जीव माझ्याआधी बाहेर जाऊन रिक्षात बसतो.

त्यावर त्यांनी जो उपाय सांगितला, तिथंच मला पहिला संशय आला. गोळ्या चालू ठेवायच्या, आणि भाकरी खायची ती न चाळलेल्या पिठाची. जोडीला पालेभाजी, मटकी, हुलगे. "चोथा पोटात असला की साखर रक्तात सावकाश उतरते," म्हणे. आता इतकी वर्षं शिकलेला माणूस शेवटी कोंडा खायला सांगतो, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणारच. आमच्याकडे कोंडा म्हशीचा.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

लग्नापासून ही बाई माझ्या कुठल्याही गोष्टीला पहिल्या दमात 'बरं' म्हणालेली नाही. दुसरा संशय तिथं.

भाकरी ताटात आली ती कापसासारखी मऊ. मी विचारलं, "ही न चाळलेली?"

"मग काय. माझ्या हाताला गुण हाय."

महिनाभरानं गावातच रक्त तपासलं. साखर होती तिथंच ठाण मांडून. मी आधी लॅबवाल्यावर संशय घेतला, की कुणा हलवायाचं रक्त माझ्या नावावर चढवलंय. मग डॉक्टरांवर घेतला. मग गिरणीवाल्यावर. शेवटी नजर गेली म्हशीवर. तिची कातडी अशी चकाकत होती, की मी तिच्या पाठीत बघून मिशा विंचराव्यात. पेंड वाढवली नव्हती, मग ही माजली कशावर?

एके सकाळी मळ्यात जातो म्हणून निघालो आणि मागच्या दारानं येऊन कडब्याच्या गंजीआड दडलो. बायको परातीत पीठ चाळत बसली होती. खाली पांढरं पीठ, चाळणीत कोंडा. चाळून झाल्यावर उठली आणि सगळा कोंडा म्हशीच्या घमेल्यात ओतला.

मी बाहेर आलो. "व्हय गं, माझं औषध म्हशीला?"

ती दचकली नाही. "आवं, कडब्यात काय करताय? अंगाला खाज सुटंल."

"विषय बदलू नगंस. हितं माझ्यावर सुई टोचून घ्यायची पाळी आलीया."

चाळणी हातात धरून ती उभीच राहिली. तिचं माहेर म्हसवडकडचं, कोरड्या मुलखातलं. म्हणाली, "दुष्काळात आमची आई कोंड्याची भाकरी करायची. कुणी दारात आलं की टोपली झाकायची. माझं लग्न ठरलं तवा म्हणली, पाण्याच्या गावाला चाललीस, धन्याच्या ताटात कवा कोंडा वाढू नगंस. आन् तुमी म्हणताय, रोज वाढ."

"डॉक्टर म्हणतोय."

"डाक्टर येतोय व्हय जेवताना? शेजारीण येती. ताटात डोकावती. गावभर सांगंल, नवऱ्याला कोंडा घालती."

"आन् मला सुई लागली, तर काय सांगंल?"

तिनं विचार केला. "ते बी माझ्यावरच घालंल."

"मग आजपासनं पीठ माझ्या डोळ्यांसमोर मळायचं."

"समोर कशाला? तुमीच मळा की."

अशी माझी पहिली भाकरी झाली. ती बघून म्हैस दोन पावलं मागं सरली. कडा फाटलेल्या, मधे भोक. पण चावताना दात कामाला लागले, आणि दुपारपर्यंत भुकेनं तोंड दाखवलं नाही.

शेजारीण आलीच. बायकोचा हात टोपली झाकायला निघाला. मी टोपली ओढली, भाकरीचा चतकोर मोडून शेजारणीच्या हातावर ठेवला. "घ्या वैनी. साधी न्हाई, डॉक्टरनं लिहून दिलेली हाय. मिरजेत असली मिळत न्हाई." तिनं खाल्ली, मान हलवली, आणि आठवड्यात अर्ध्या गल्लीनं चाळण्या खुंटीला टांगल्या. उरलेल्या अर्ध्या गल्लीनंही टांगल्या असत्या, पण त्यांची आमची बोलचाल नाही.

तपासणीला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला. "उतरलीय. सुई सध्या नको. गोळ्या आणि जेवण असंच चालू ठेवा."

मी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "हे माझंच रक्त कशावरनं?"

डॉक्टरांच्या आधी बायकोच बोलली. "त्यांचंच हाय सायेब. एवढा संशय दुसऱ्या कुणाच्या रक्तात मावायचा न्हाई."