नको कोण म्हणालं

आमच्या घरची मराठी उंबऱ्याबाहेर जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरात राहिलेली आमच्यासारखी घरं बाहेर कन्नडच बोलतात; भाजी घेताना, भांडताना, देवळात शेजारणीला वेळ विचारतानासुद्धा. त्यामुळे शेजारी बसलेला माणूस मराठी आहे हे आम्हाला कळत नाही, आणि आम्ही मराठी आहोत हे त्याला. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी त्या दिवशी मी ते विसरले.

तेव्हा माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा निपाणीकडचा, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला, जे. पी. नगरात भाड्याच्या खोलीत राहणारा. मी जयनगरात एका विमा कचेरीत टायपिंग करायचे. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि आमचे लोक स्वतःला सुधारलेले समजायला लागले होते. सुपारी फुटण्याआधी दोघांनी बाहेर भेटायला हरकत नव्हती, फक्त दिवेलागणीच्या आत घरी यायचं.

त्या शनिवारी मी त्याला एक गोष्ट सांगणार होते. आमच्या ऑफिसातल्या एका कन्नड मुलाबरोबर माझं दीडेक वर्ष होतं. हेब्बाळला, तळ्याच्या अलीकडे त्याची खोली होती. तिथे मी जायचे, आणि कशाला जायचे ते फोड करून सांगायला नको. त्याच्या घरच्यांनी त्यांच्यातली मुलगी पाहिली आणि ते संपलं. पाप केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढंच डोक्यात होतं.

आम्ही भेटलो त्या हॉटेलच्या माडीवर 'फॅमिली रूम' होती. म्हणजे लाकडी पार्टिशनं घालून केलेले खण. पार्टिशन माणसाच्या डोक्याइतकं उंच, त्याच्या वर सगळं मोकळं. पलीकडच्या खणात कोणी बाई वेटरला कन्नडमध्ये बजावत होती, की कॉफीत साखर कमी घाल. आम्ही मसाला डोसा मागवला. मी पाणी प्यायले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात तोच म्हणाला, "मला एक सांगायचंय."

"इथं?"

"इथं कोणाला मराठी कळतंय? आत्ता सांगून टाकतो बघ, नाहीतर परत धीर व्हायचा नाही."

मग त्यानं सांगितलं. पहिल्या नोकरीत, दुसऱ्या गावी असताना, तो धंदा करणाऱ्या बायकांकडे जात होता. आधी मित्रांनी नेलं, पुढे तो एकटाच जायला लागला. एक बाई ठरलेली होती. ती त्याला जेवलास का म्हणून विचारायची, आणि त्या गावात तसं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. भिंतींवर एड्सच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा घाबरून त्यानं रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. त्यानंतर तो गेला नाही.

"सुपारी फुटायच्या आधी तुला कळलेलं बरं," तो म्हणाला. "नको म्हणालीस तरी मी दोष द्यायचा नाही." तोवर तो मला अहो-जाहो करायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाला.

मला काय वाटलं? काही नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि आपला गाल आपला राहत नाही, तसं. राग यायला हवा होता, किळस यायला हवी होती. मी त्यांची वाट बघत डोशातली भाजी खात बसले. त्याचा चेहरा मात्र आंघोळ करून आल्यासारखा झाला होता. सांगणाऱ्याचं बरं असतं, सांगितलं की सुटला.

"तुझं काही आहे?" त्यानं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच हसला. "तुझं काय असणार म्हणा!"

मीही हसले. का हसले ते मला आजही सांगता येत नाही. बिल देऊन आम्ही उठलो.

जिन्याशी मागून हाक आली. "बाळ, पिशवी राहिली की तुझी." आमच्या घरच्या मराठीत. कॉफीत साखर कमी मागणारी बाई माझी पिशवी घेऊन उभी होती. आमच्याच समाजातली म्हातारी. सगळे तिला अक्का म्हणतात, मंगळवारी भवानीच्या देवळात ती आईच्या शेजारी बसते. मला पाठमोरी बघून तिनं ओळखलं नसावं, वळले तेव्हा ओळखलं. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. मला काही बोलली नाही.

आईला बोलली. मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आई स्वयंपाकघरात भिजवलेले पावट्याचे दाणे दाबून सालातून काढत होती.

"अक्का म्हणती, तो असल्या बायकांकडे जायचा. तुला आपल्या तोंडानं सांगत होता म्हणे. खरं काय गं?"

"अक्काला ऐकू कमी येतं," मी म्हणाले.

आईनं थोडे दाणे काढले. "सरी, बरं. आणि असलं तरी बाप्या माणसाचं स्वल्प इकडं तिकडं व्हायचंच. लग्न झालं की येतात ठिकाणावर. तुझं काय नाही ना, तेवढं बस."

मी समोर बसले आणि मूठभर दाणे घेऊन तिला मदत करायला लागले.

पुढच्या शनिवारी मी त्याला सांगितलं. हॉटेलात नाही. बसस्टॉपवर, उभ्या उभ्या, हळू आवाजात, आजूबाजूला पाहून. रडले नाही, माफीही मागितली नाही. त्यानं सांगितलं होतं तसंच सांगितलं: कुठे, किती दिवस, कसं संपलं. मला वाटलं होतं, चला, फिटंफाट झाली. तो खाली बघत ऐकत होता. त्याची बस आली आणि गेली.

"त्याच्यावर तुमचं प्रेम होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"माझं तसं काही नव्हतं बघा. म्हणून तर मी सांगू शकलो." मग म्हणाला, "मला नाही जमायचं. तुम्हाला दोष देत नाही. माझ्याकडून हे कुठं जायचं नाही." मी परत 'तुम्ही' झाले होते. दिलेला शब्द मात्र त्यानं पाळला.

त्यानं निरोप पाठवला, जमत नाही, कारण विचारू नका. मीच नको म्हटल्यावर त्यानं लाज राखायला निरोप धाडला असं आईनं धरलं, त्यामुळे विचारायची गरजच पडली नाही. अक्कानं देवळात सांगायचं ते सांगून झालं होतं. समाजात पसरलं ते असं, की मुलगा बाहेरख्याली निघाला आणि पोरीनं तोंडावर नको म्हटलं. आई देवळात मान वर करून बसायला लागली. "त्याच्यापायी अक्काला बहिरी केलीस," ती मला म्हणाली, "पण शेवटी शहाणपणा केलास."

मी तिचा समज तसाच राहू दिला. सकाळी उठायचे, ऑफिसात जायचे, दुसऱ्यांची पत्रं टाइप करायचे, परत यायचे. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ त्यानं झाकून ठेवली होती, त्याची चारचौघांत उघडी पडली होती. त्याला आमच्यातल्या एका घरून नकार गेला, मग आणखी एका. ते कानावर आलं तेव्हा मी ऐकून घेतलं आणि ताटातलं जेवले.

वर्षभरानं एक बाई आपल्या मुलीसाठी त्याची चौकशी करायला आली. आमच्यात मुलीकडचे लोक मुलाच्या पाहुण्यांना विचारत बसत नाहीत. जिथे त्याची सोयरीक मोडली त्या घरी जाऊन विचारतात. पाहुणे गोडच बोलणार, खरं कळतं ते मोडलेल्या घरी. बाईनं कॉफी घेतली, चकलीला हात लावला नाही.

"एकुलती एक आहे गं माझी," ती मला म्हणाली. "अक्का सांगती ते खरं असलं तर बेडा, आम्हाला नकोच. तू का नको म्हणालीस, तेवढं सांग मला."

आई माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या मते उत्तर तयारच होतं. 'खरं आहे' म्हटलं की बाई उठून गेली असती आणि त्याचं हेही स्थळ गेलं असतं. मला कोणी काही म्हटलं नसतं.

"त्याचं जे काय असेल ते तो तुमच्या मुलीला स्वतः सांगेल," मी म्हणाले. "सांगणारा माणूस आहे. आणि नको मी नाही म्हणाले. तो म्हणाला."

बाईनं कप खाली ठेवला. मग तिचा चेहरा खुलला. "असं होय! त्यानं म्हटलं होय!" का म्हटलं हे तिनं विचारलं नाही. मला एकदा पायांपासून केसांपर्यंत पाहून घेतलं आणि चकली उचलली.

ती गेल्यावर आई दार लावून आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती. तिनं नुसतं 'का' म्हटलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. मला सांगायचं होतं.

आईनं कप गोळा केले. माझी कॉफी अजून निम्मी होती. ती तिनं तशीच उचलली आणि मोरीत ओतली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"सारू करू का आमटी?" तिनं आतूनच विचारलं.

"कर काहीही," मी म्हणाले.

त्यानंतर आईनं मला पुष्कळ काही विचारलं. तो नको का म्हणाला, हे कधी नाही.