गोळ्यांच्या डब्यातली मिसरी

आमच्या आळीत उरलेलं औषध कुणी टाकून देत नाही. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, की उरलेल्या गोळ्या आमच्या घरी येतात. बायकोने त्यासाठी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा ठेवला होता. कुणाला ताप आला, घसा धरला, की लोक आधी आमच्या ओटीवर यायचे. ती पाकीट उजेडात धरून बघायची आणि "दोन घे, उतरंल" म्हणून हातावर ठेवायची. ताप उतरायचाही. नागावातल्या आमच्या आळीत तिचा त्यामुळे दबदबा होता आणि मला त्याचा अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

दुसरी कबुली अशी, की मी तापट माणूस आहे. कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य गेलं म्हणून आवाज चढलेला असतो, असं मी सांगतो. घरचे म्हणतात, नोकरी लागायच्या आधीही हा असाच होता. माझा सगळ्यात जास्त राग मिसरीवर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोला विहिरीच्या कडेला बसून ती भाजलेल्या तंबाखूची काळी पूड दातांना घासताना पाहिलं आणि असा काही बोललो, की शेजारच्या वाडीतले लोक काम टाकून ऐकत उभे राहिले. डबी वाडीच्या पाटात भिरकावून दिली. तेव्हापासून आमच्या घरात मिसरी नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलो.

गणपती झाले आणि तिला ताप यायला लागला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजायचे. डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या की उतरायचा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा यायचा. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, सगळे रिपोर्ट स्वच्छ. आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यांच्यासाठी मासे तळता तळता ती मध्येच पाटावर बसू लागली. पोलकं सैल झालं. शेवटी अलिबागच्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. "लहानपणी सांधे सुजले होते का?" त्याने विचारलं. सुजले होते. तेव्हाच हृदयाची एक झडप थोडी अधू झाली होती, हे आम्हाला बाळंतपणात कळलं होतं आणि पुढे आम्ही विसरून गेलो होतो. सोनोग्राफीसारखी तपासणी झाली. त्या झडपेवर जंतूंनी घर केलं होतं.

नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सर्जनने मला बाजूला घेऊन सांगितलं. झडपेवर हरभऱ्याच्या डाळीएवढी मऊ गाठ आहे. जंतू आटोक्यात आले नाहीत तर छाती उघडून झडप बदलावी लागेल. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांग. मी आत आलो तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "कापाया लागंल का?"

"छे!" मी म्हणालो, जसा काही मीच सर्जन होतो.

इंजेक्शनं सुरू झाली. पण जंतू कुठला ते कळेना. रक्त काढून बाटल्यांत ठेवलं होतं, त्यात काहीच वाढेना. चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टरबाई आल्या, खांद्यावर झोळी, पायात साध्या चपला. इन्फेक्शनच्या डॉक्टर म्हणाल्या. मला वाटलं, फरशा नीट पुसल्या जातात का ते बघणाऱ्या खात्याच्या असतील.

त्या स्टुलावर बसल्या आणि प्रश्न विचारत सुटल्या. घरी गाय आहे का, शेळ्या आहेत का, दूध कच्चं पिता का, माशाचा काटा कधी खोल रुतला होता का, कुठे गळू झालं होतं का. अर्ध्या तासाने माझी तार सटकली.

"आजार हृदयाचा आहे, बाई! तुम्ही शेळ्या काय मोजताय?"

"काका, जंतू हृदयात आपोआप होत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "कुठून तरी आत शिरलाय. दार सापडलं तर तोही सापडेल. घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या उद्या घेऊन या."

"कशाला? काय न्हाय त्यात बघन्यासारखं," बायको घाईघाईने म्हणाली. मला वाटलं, लाजतेय. मी दुसऱ्या दिवशी तो डबा मोठ्या ऐटीत वॉर्डात आणला.

डॉक्टरबाईंनी एकेक पाकीट चादरीवर मांडलं. त्यातली चार त्यांनी वेगळी काढली. प्रत्येकातल्या दोन-चार गोळ्या कमी होत्या. "ही सगळी जंतू मारायची औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "दोन-दोन गोळ्यांनी जंतू मेला नाही, नुसता दबला. म्हणून ताप उतरायचा, आणि म्हणूनच रक्तात तो आम्हाला दिसत नाही." मग त्यांनी डब्याच्या तळाशी हात घातला आणि जुन्या रुमालात गुंडाळलेली एक छोटी डबी बाहेर काढली. उघडून वास घेतला.

"मिसरी. कुणाची?"

"आमची नाही," मी लगेच म्हणालो.

बायको छताकडे बघत होती. "माझी," ती म्हणाली.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली आणि मिसरी माझ्याच घरात! माझा आवाज असा चढला, की दोन खोल्या पलीकडची नर्स धावत आली. डॉक्टरबाईंनी नुसता हात वर केला. "काका, तुम्ही नंतर ओरडा. आधी मला तोंड बघू दे." टॉर्चच्या उजेडात दिसलं. डावीकडची मागची दाढ कुजून खुंट राहिला होता, हिरडी सुजली होती, आत पू होता.

"किती दिवस दुखतंय?"

"झालं चार म्हयने."

"घरी सांगितलं नाही?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. "दात दुकतोय म्हटलं, तर ह्यांनी तोंड उघडून बघितलं असतं. मिसरी दिसली असती. मंग घर डोक्यावर घेतलं असतं. त्यापरीस ताप बरा."

मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. मला स्वतःची लाज वाटली. माझ्या घरातलं माणूस माझ्या आवाजाला भिऊन चार महिने कुजका दात सोसत राहिलं होतं आणि त्या दातातले जंतू थेट तिच्या हृदयात जाऊन बसले होते.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी जे सांगितलं, त्याने मी पुरता हबकलो. सगळी इंजेक्शनं तीन दिवस बंद! सर्जनला ते मान्य नव्हतं, त्याला ऑपरेशन उरकायचं होतं. दोघांचं माझ्यासमोरच वाजलं. "हृदय अजून नीट काम करतंय, गाठ वाढत नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता झडप बदलली आणि जंतू तसाच राहिला, तर नव्या झडपेलाही तो धरेल. औषध थांबलं की दबलेला जंतू रक्तात दिसेल. मला तीन दिवस द्या. रोज तपासू. जरा काही बिघडलं तर त्याच दिवशी कापा." सर्जनने बराच विचार करून होकार दिला.

आजारी माणसाचं औषध बंद करतात? माझं तोंड उघडलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी ते मिटलं. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं, ते माझं मलाच माहीत.

ते तीन दिवस वाईट गेले. ताप चढत होता, ती कण्हत होती, आणि डॉक्टरबाई दिवसातून तीनदा येऊन नाडी, श्वास, हातापायांची ताकद बघून जात होत्या. पुन्हा पुन्हा रक्त काढलं गेलं. चौथ्या दिवशी त्या जवळजवळ पळतच आल्या, झोळी खांद्यावरून कोपरापर्यंत घसरलेली.

"सापडला, काकू! दातातलाच निघाला. आणि जुन्या, साध्या औषधाने मरणारा आहे."

साधं औषध ऐकून मी जरा हिरमुसलोच. एवढ्या मोठ्या आजाराला काहीतरी जबरदस्त लागेल असं वाटलं होतं. पण त्या साध्या औषधाने आठवड्यात ताप पळवला. दाढ काढली. बायको उठून बसली, हॉस्पिटलच्या आमटीला नावं ठेवू लागली, बोंबलाचं कालवण मागू लागली. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस सर्जन नवा रिपोर्ट घेऊन आला. गाठ जेमतेम दिसत होती. "कापायची गरज नाही," तो म्हणाला, आणि डॉक्टरबाईंकडे वळून हसला, "जिंकलात तुम्ही." मी आनंदाने अशी आरोळी ठोकली, की तीच नर्स पुन्हा धावत आली. या वेळी मला रागावताना तीही हसत होती.

उरलेली इंजेक्शनं डॉक्टरबाईंनी आमच्या गावच्या दवाखान्यात, दिवसाला एक, अशी लावून दिली. रोज मला फोन, ताप किती, धाप लागते का. बायको सकाळी स्कूटरवर माझ्या मागे बसून निघायची ती सरपंचबाई निघाल्यासारखी, आळी दारात उभी. शेवटच्या तपासणीत रक्त स्वच्छ आलं. झडप थोडी गळते, पण तिची स्वतःची आहे. डॉक्टरबाईंनी एक कार्ड लिहून दिलं: दाताचं कुठलंही काम करायच्या तासभर आधी हे औषध घ्यायचंच. ते आम्ही देवाशेजारी टांगलंय.

डब्यात आता बिस्किटं असतात. गोळी मागायला कुणी आलं की बायको त्यालाच झापते, "डाक्टरनं दिल्यात तेवढ्या पुऱ्या खा, मंग ये!"

गेल्या महिन्यात ओटीवर पुण्याचे पाहुणे जेवत होते. ती स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "अवो, माझा दात दुकतोय! वरचा, उजवा!" पाहुण्यांचे घास हातातच राहिले. मी देवाशेजारचं कार्ड काढलं, दातांच्या डॉक्टरला फोन करून वेळ घेतली आणि खिशात स्कूटरची चावी चाचपली. मिसरीबद्दल एक शब्द विचारला नाही. आपल्याला काही दुखतंय, हे बत्तीस वर्षांत तिने मला पहिल्यांदाच सांगितलं होतं.