एका पेपरचे चार तुकडे

माझं संशोधन कानांवर आहे. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, काम करणाऱ्यांचं ऐकणं कसं हळूहळू कमी होत जातं, हे मी कित्येक वर्षं सुरतेतल्या गोडादरा आणि उधन्यात फिरून तपासते आहे. माझे वडील धुळ्याकडून सुरतेला आले ते लूमवरच आणि तिथेच म्हातारे झाले. कॉलेजातून आलेल्या बाईपुढे कान तपासायला बसायला कारागीर बिचकायचे. वडील सोबत यायचे, "मनी पोर शे, बस" एवढंच म्हणायचे, आणि माणूस निमूट बसायचा.

बढतीची वेळ आली तेव्हा विभागप्रमुखांनी मला बोलावलं. मायाळू माणूस. चहा मागवून म्हणाले, "बेन, काम सरस आहे, पण गुण भरत नाहीत. समिती पेपर मोजते, वाचत नाही. तुमच्या एका कामाचे चार पेपर करा. पहिल्या वर्षाचा एक, दुसऱ्याचा एक. सगळे तेच करतात."

बढती मला हवी होती. मी खरंच पहिल्या वर्षाचे आकडे वेगळे काढले. निष्कर्ष लिहायला घेतला आणि अडले. कान काही वर्षभरात जात नाहीत. तेवढ्याच आकड्यांवरून एवढंच लिहिता येत होतं, की लक्षात येण्याजोगा फरक आढळला नाही. वाक्य खोटं नव्हतं. पण ते छापून आलं, की कुठलाही शेठ तोच कागद दाखवून म्हणाला असता, बघा, आवाजानं काही होत नाही.

घरी वडिलांना सांगितलं.

"लिखी टाक ना," ते म्हणाले. "तुना हक शे."

पोरगी मोठ्या पदावर गेलेली त्यांना बघायची होती.

"मग तुमच्या बरोबरच्यांना मी काय सांगू?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग ऱ्हाऊ दे."

बढती झाली नाही. माझ्यामागून लागलेली एकजण पुढे गेली. मी स्टाफरूममध्ये तिचे पेढे खाल्ले, अभिनंदन केलं, आणि घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

पुढे सगळ्या वर्षांचे आकडे एकत्र मांडून एकच पेपर लिहिला. विभागप्रमुखांनी तो अख्खा वाचला. एका तक्त्याबद्दल त्यांनी फोनवर शंका विचारली, तेव्हा मला ते कळलं. पुढच्या खेपेला समितीपुढे ते माझ्यासाठी भांडलेसुद्धा. पण एक पेपर तो एकच. मी अजून आहे त्याच पदावर आहे.

छापलेला पेपर वडिलांना दाखवला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. आलेखातल्या खाली उतरत गेलेल्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हाई मनी रेघ शे का?"

"नाही बाबा. तुमचे कान कधी तपासलेच कुठे आपण?"

खरंच, इतक्यांना बसवलं, पण त्यांना बसवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं आणि त्यांच्याही. "मंग मना बी तपास," म्हणत ते खुर्चीत बसले.

महिन्याभरात त्यांना कानाचं मशीन आलं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ते मोरीपाशी उभे.

"आयकस का? नळ टपकी राहिना," ते म्हणाले, आणि नळ बंद न करता गळणारे थेंब ऐकत तसेच उभे राहिले.