मामाच्या उंचीवरचा गोल

महाडच्या दुकानात अ‍ॅक्रिलिकची शीट कापून माझ्या हातात आली आणि फोन वाजला. तुडीलहून मामीचा. मला वाटलं, तिच्या फोनवरून मामाच विचारतोय, आज तरी आणतोयस का. म्हणून मी त्याच्याच आवाजात सुरुवात केली, "बोला शेठ..." मामीच्या हातून शेजारच्या माणसानं फोन घेतला. रमेश गेला म्हणाला, जेवून उठला आणि ओटीवर बसल्या बसल्या गेला. दुकानदार मला विचारत होता, शीटवरचा कागद काढून देऊ का. मी म्हटलं, राहू दे.

रमेशमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. सावित्रीच्या खाडीत त्याची फायबरची मोटरबोट. कुणाला पलीकडे सोड, कुणी मुंबईवाले सुट्टीत आले की फिरवून आण. बोटीत चढला तो शेठ, मग खिशात दमडी नसली तरी. आणि उतरताना ठरलेलं, आधी खोकला, मग "डावा पाय आधी, शेठ. उजव्याला घाई असते." पोलादपूरला शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी आयुष्यातली पहिली नक्कल केली ती त्याचीच. तो पहिल्या रांगेत तोंडावर हात धरून हसत होता. त्यानंतर लग्न असो, बारसं असो, भेटलो की "माझी कर रे." मी केली की मामीकडे वळायचा, "बघ गो, हाय का नाय मी?"

गेल्या वर्षी मी त्याच्या बोटीची वाट लावली. पुढची काच उन्हानं पिवळी पडली होती. आम्ही म्हणायचो काच, होतं प्लास्टिक. मामा दुपारचा झोपला होता, मी हौसेनं थिनर घेतलं आणि पुसत सुटलो. मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो, तिथं सगळ्यावर थिनर चालतं. इथं दहा मिनिटांत अख्खी काच ताकासारखी पांढरी. मामा आला, बघितलं, खोकला. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळेच मिटले. तर म्हणतो, "मोतीबिंदू मला व्हायचा होता, तू बोटीला केलास." मग घरातनं टूथपेस्ट आणली, जुन्या बनियनचा बोळा केला आणि घासत बसला. सगळी काच नाही, फक्त आपल्या डोळ्यासमोर पुरीएवढा गोल. बाकी बाजूनं मान काढून बघायचं. "मला येवढं बास. नवी तू आण. जरा काळसर आण, संध्याकाळचं पाण्यावरचं ऊन डोळ्यात जातंय."

मी म्हटलं, उद्या आणतो. तो गोल धुरकट व्हायचा, म्हणून रोज सकाळी मामा तेवढाच घासायचा आणि फोनवर सांगायचा, "बोटीचे दात घासले रे." मीही हसायचो... हसण्यावारीच वर्ष गेलं.

तेराव्याला पाहुणे उठल्यावर मामी माझ्याजवळ बसली. "तवा फोनवर तू बोललास, मला वाटलं तेच हायत. एकदा तसंच बोल ना रे." मी खोकलो. खोकला अगदी बरोबर आला. पुढे "डावा पाय" म्हणायला गेलो तर माझाच आवाज, तोही फाटलेला. मामीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे बाळा."

गेल्या रविवारी शीट घेऊन तुडीलला गेलो. मामीच म्हणाली होती, बसवून टाक, त्यांच्या मनात होतं. बोट धक्क्याला बांधलेलीच होती. स्क्रू ड्रायव्हर लावायच्या आधी म्हटलं, एकदा त्याच्या गोलातून बघू. मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच. गुडघे वाकवावे लागले, मान पुढे काढावी लागली, डावा खांदा त्याच्यासारखाच आपोआप खाली गेला. पलीकडचा काठ जरा धुरकट, पण दिसला. तेवढ्यात मागे धक्क्यावर कपबशी वाजली. मामी चहा घेऊन आली होती.

"तसाच ऱ्हा रे थोडा," ती म्हणाली.

मी वळलो नाही. गुडघे भरून आले तरी वळलो नाही... चहा गार झाला.

शीट परत आणली. माझ्या कपाटामागे उभी आहे, वरचा कागद तसाच. या रविवारी टूथपेस्ट घेऊन जायचंय, गोल पुसट व्हायला लागलाय.