मी ज्याची तक्रार केली तो गोलकीपर

मुलीच्या हँडबॉलच्या कोचविरुद्ध तक्रार मी केली होती. ईमेलच्या शेवटी 'कृपया माझं नाव गुप्त ठेवावं' असंही लिहिलं होतं, आणि कम्युनिटी सेंटरवाल्यांनी ते ठेवलं. पुढची दोन वर्षं मीही ते गुप्तच ठेवलं. बायकोपासूनसुद्धा.

कॅनडात मिसिसागाला येऊन आम्हाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगी तेरा वर्षांची, वर्गात सगळ्यात उंच, आणि त्या उंचीची लाज वाटून खांदे पाडून चालणारी. कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी सकाळी मुलींसाठी हँडबॉल आहे, असा कागद शाळेतून आला. बायको म्हणाली, जाऊ दे, निदान घराबाहेर पडेल. पहिल्या दिवशी जिमच्या दारात पंचावन्नच्या आसपासचा एक आडव्या अंगाचा माणूस उभा होता. तिच्याकडे बघून तो मला म्हणाला, "हिला इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस? हात बघ हिचे! असे हात खिशात घालून फिरायला दिलेत का देवाने?"

मुलगी हसली. अनोळखी माणसासमोर ती अशी पटकन हसलेली मला आठवत नव्हती.

तो मूळचा बोस्नियाचा. सोळाव्या वर्षी गावच्या संघात गोलकीपर म्हणून उभा राहिला, पुढे तिथल्या पहिल्या लीगमध्ये खेळला. मग युद्ध आलं. ज्या हॉलमध्ये तो चेंडू अडवायचा तिथे घरं सुटलेली माणसं गाद्या टाकून राहू लागली, आणि संघातले खेळाडू जिकडे वाट मिळेल तिकडे गेले. तो जर्मनीतल्या एका लहान गावात पोचला. दिवसा फरशांच्या कारखान्यात काम करायचा आणि रविवारी गोलमध्ये उभा राहायचा. गुडघा गेला तेव्हा कॅनडाला आला. इथे पहाटे पावाची व्हॅन चालवायची आणि शनिवारी मुलींना शिकवायचं, एवढ्यावर तो खूश होता. नाक दोनदा मोडलेलं. उजव्या हाताची करंगळी वळायची नाही. कॉफीचा कप धरला की ती वेगळीच उभी राहायची. "ही माझी निवृत्त झाली," असं म्हणायचा.

जिममध्ये हँडबॉलचा गोल नव्हताच. दर शनिवारी तो भिंतीवर लाल टेपने तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच चौकट चिकटवायचा, मुलीला तिच्यापुढे गोलकीपर म्हणून उभं करायचा आणि खेळ संपला की टेप सोलून काढायचा. मला 'कोम्शिया' म्हणायचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शेजारी. आम्ही शेजारी नव्हतो, मध्ये पाच बसस्टॉप होते. त्याला फरक पडत नव्हता.

एका शनिवारी मी मुलीला आणायला अर्धा तास लवकर गेलो. दाराच्या काचेतून बघितलं तर मुलगी भिंतीला पाठ लावून उभी, आणि हा तीन-चार पावलांवरून तिच्या अंगावर एकामागून एक चेंडू फेकतोय. पोटावर, मांडीवर, खांद्यावर. तिचे डोळे पाण्याने भरलेले. "उघडे! डोळे उघडे!" तो ओरडत होता. संध्याकाळी तिच्या दंडावर निळा डाग दिसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"नथिंग, बाबा. इट्स फाइन."

माझे वडील पंचायत समितीत कारकून होते. अन्याय दिसला की तोंडी बोलायचं नाही, लेखी द्यायचं, हे त्यांनी मला शिकवलं. त्यांनी वस्तीच्या नळासाठी अर्ज लिहिले, समाजमंदिरासाठी लिहिले, आणि त्यातले बरेच मंजूर झाले. इथेही आमच्या जयंती समितीची सगळी पत्रं मीच लिहितो. तर मी लेखी दिलं. काचेतून पाहिलेलं सगळं मुद्देसूद लिहिलं. त्या माणसाला एक शब्द विचारावा, दार उघडून आत जावं, हे मला सुचलंच नाही.

चौकशी होईपर्यंत त्याला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मुलगी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर बोलली नाही. चौथ्या दिवशी आईला म्हणाली, "बॉल आला की माझे डोळे बंद होतात. मीच त्याला म्हटलं, हेल्प मी. दे वर सॉफ्ट बॉल्स, आई! फोमचे!" दंडावरचा डाग शाळेत लॉकरचं दार लागून पडला होता.

मी तिथेच बसलो होतो. भात कालवत राहिलो.

पुढच्या आठवड्यात तो आमच्या घरी आला. हातात पावाची पिशवी आणि आलेलं पत्र. टोपी काढून सोफ्याच्या कडेला बसला. "कोम्शिया, तू लोकांची पत्रं लिहितोस म्हणे. माझी इंग्लिश पाव विकण्यापुरती आहे. याला उत्तर लिहून देशील?"

माझीच वाक्यं त्या पत्रात उतरवलेली होती. मी ती वाचल्यासारखं केलं.

"कुणी लिहिलं असेल?" बायकोने विचारलं.

"कुणीतरी बाप," तो म्हणाला. "बाप घाबरतात. पण मला विचारायचं ना! मी काय माणसं खातो?" आणि पावाची पिशवी बायकोकडे देत, "हे शिकवणं गेलं तर मी नुसता पाववाला."

मी उत्तर लिहिलं. माझ्या तक्रारीतल्या एकेका मुद्द्याला इतकं चांगलं उत्तर मीच देऊ शकत होतो. मुलीनेही स्वतःचं पत्र जोडलं. तो परत आला, पण मुलींची त्या वर्षीची स्पर्धा तोवर होऊन गेली होती, आणि एक अट लागली: सराव चालू असताना दुसरं कुणीतरी मोठं माणूस हजर पाहिजे. त्याने माझ्याकडे बोट केलं. "हा माझा पोलीस."

अशा रीतीने दोन हिवाळे मी दर शनिवारी त्या जिममधल्या बाकावर बसलो. मला लाज वाटायची आणि तरी ते दिवस माझ्या आवडीचे आहेत. तो थर्मासमधली काळी कॉफी मला पाजायचा, मी शिरा घेऊन जायचो. "हा हलवा तुमचा नाही, आमचा आहे," म्हणून तो भांडायचा आणि डबा पुसून खायचा. मुलीने गोल अडवला की तिच्या नावाने असा ओरडायचा की शेजारच्या योगा क्लासची बाई येऊन बघून जायची. मुलगी खांदे ताठ ठेवून चालायला लागली. चेंडू येताना आता तिचे डोळे उघडे असायचे.

पण तो बदलला होता. मुलीला उठवायला हात द्यायच्या आधी माझ्याकडे बघायचा. आणि एका पंजाबी बापाशी त्याने बोलणं बंद केलं होतं. कोच आपल्या मुलीला जास्त वेळ खेळवत नाही म्हणून तो गृहस्थ पूर्वी वाद घालायचा, त्यामुळे तक्रार त्याचीच, असं कोचने धरलं होतं. तो बिचारा मला म्हणायचा, "भाईसाब, मैंने इसका क्या बिगाड़ा है? आप पूछो ना." मी विचारतो म्हणायचो आणि विचारायचो नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कोचने सगळ्या पालकांना घरी जेवायला बोलवायचं ठरवलं. बाकावर बसून यादी केली. पंजाबी कुटुंबाचं नाव त्यात नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ज्याने मला न विचारता मला राक्षस केलं, त्याला मी माझ्या टेबलावर बसवू?" आणि मग, अगदी मायेने, "तू माझ्या शेजारी बसशील."

मुलगी भिंतीवरची टेप सोलत होती. मी तिला हाक मारून जवळ बोलावलं. 'सॉरी' हा शब्द इथे ग्रोसरीच्या दुकानात गाडीला गाडी लागली तरी दिवसातून वीस वेळा निघतो. तो एकटा पुरणार नव्हता, म्हणून मी सगळं सांगितलं.

"ती तक्रार त्याने केली नाही. मी केली. मी काचेतून बघितलं, घाबरलो, आणि तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही माझ्या घरी आलात तेव्हाही गप्प बसलो. तुमची एक स्पर्धा गेली, हिचीही गेली, आणि त्या माणसाला दोन वर्षं फुकट बोल लागला. त्याला मी आजच जाऊन सांगतो. माझं चुकलं. मला माफ करा. आणि बाळा, तूही."