दारापासून दोन पावलं मागे

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या अमेरिकन बाई आमदार होत्या, यावर माझा बरेच दिवस विश्वासच बसेना. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत त्या निवडून जायच्या आणि अधिवेशन संपलं की परत शाळेची बस चालवायच्या. आमच्याकडे नगरसेवकाचा मेव्हणासुद्धा गाडीचं दार स्वतः उघडत नाही!

कुणाचीही बेल वाजवली की बाई दोन पावलं मागे सरकून उभ्या राहतात. मी एकदा विचारलंच. "मतं मागत दारोदार फिरले ना," त्या म्हणाल्या, "आतल्या माणसाला दडपण येऊ नये."

यंदा नगरपालिकेनं आमच्या गल्लीतला बसस्टॉप लांब हलवायचं काढलं. म्हाताऱ्यांचे हाल होतील म्हणून बाई सह्या गोळा करत हिंडल्या. समोरच्या डच गृहस्थांना मात्र खिडकीसमोर स्टॉप नकोच होता. त्यांनी बाईंच्या तोंडावर दार आपटलं. शेवटी स्टॉप हललाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा त्याच दारासमोर उभ्या. मला वाटलं, आता जुंपणार. दार उघडल्यावर बाईंनी हात पुढे केला. "अभिनंदन! हरले की मी जिंकणाऱ्याला भेटून येते." गृहस्थांनी गोंधळून हात मिळवला.

काल धो धो पाऊस होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तर ते गृहस्थ गाडीची किल्ली हातात घेऊन बाईंकडे आलेले, त्यांना नव्या स्टॉपवर सोडायला. त्यांनी बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरकून, भर पावसात उभे राहिले.