मांडवातली हजेरी

तपासणीला आलेले साहेब दारात उभे आणि तिसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या वर्गात एकटे लोपीस सर. समोर बाकं रिकामी. 

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वसईतल्या एका अनुदानित कॉलेजात मी हेडक्लार्क होतो. अनुदानित म्हणजे प्राध्यापकांचा पगार सरकार देणार, पण डोकी मोजून. आमच्या स्पेशल विषयाला पंधरा मुलं हवी होती. चौदा भरली की वर्ग बंद आणि शिकवणारा ‘सरप्लस’, म्हणजे सरकारी भाषेत उरलेला माल. लोपीस सरांकडे पटावर नेमकी पंधरा होती आणि घरी तीन लेकरं.

“मुलं कुठंयत?” शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं.

“भुईगावला. वर्गातल्याच एकाचं लग्न आहे उद्या,” लोपीस सर म्हणाले.

“उद्या ना? मग आज?”

“आज कांदे चिरायला गेलीत.”

चूक माझी. नाताळ झाला की उपवासकाळ लागेपर्यंत इथल्या ख्रिस्ती गावांत लग्नांचा धडाका. लग्नघरी आदल्या दिवसापासून सगळे राबतात. मी मूळचा साताऱ्याचा. जानेवारीत परीक्षा नसते एवढंच पाहून तपासणीची ही तारीख मीच मागून घेतली होती. काय अक्कल!

साहेबांनी पेन उघडलं. मी घाईघाईने म्हणालो, “साहेब, मोजायचीच आहेत ना? तिथं जाऊन मोजू.” आणि टांगा बोलावला.

मांडवात शिरताच नवऱ्याच्या आईने साहेबांच्या हातात सुरी दिली, पुढ्यात कांद्यांची पाटी सरकवली.

“बसा, बाबा. आधी काम, मग जेवन.”

“अहो, मी इन्स्पेक्शनला आलोय!”

“मग चिरता चिरता करा की!”

साहेब डोळे पुसत नावं पुकारू लागले. कोणी मसाला वाटता वाटता ‘हजर’ म्हणालं, कोणी मांडवाच्या बांबूवरून. पंधरावा म्हणजे खुद्द नवरदेव. तो तोंडाला साबण फासून न्हाव्यापुढे बसला होता.

“पण याला वर्ग कसं म्हणायचं?” साहेब अडले.

लोपीस सर तिथंच उभे राहिले आणि श्रमविभागणीवर दहा मिनिटं बोलले. कोणी उठून गेलं नाही. हातातलं काम टाकून जाणार कुठं?

साहेबांनी जेवून ‘पूर्ण उपस्थिती’ असा शेरा मारला. नोकरी वाचली.

त्यांना स्टेशनवर सोडल्यावर मी म्हणालो, “सुटलात, सर!”

“सुटलो खरा,” लोपीस सर म्हणाले. “पण ही पंधराच्या पंधरा एकत्र मी वर्षभरात आज पहिल्यांदा पाहिली.”

पुढल्या वर्षीची तारीख मी लग्नपत्रिका हातात पडल्यावरच मागितली, लग्नाच्या आदल्या दिवसाची.